युनिक्स-कुळातील प्रणाली आणि लॅपटॉपचे नेटवर्क कार्ड

रायगड जिल्ह्यात कर्जतच्या डोंगराळ परिसरात खैराट नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती २००७ साली पांढऱ्या-हिरव्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली जाहीर केलेल्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातील तो पहिला प्रयोग होता. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी या योजनेत सहभागी होण्याचे नाकारले होते. मंत्रालयाचा निर्णय योग्य होता की अयोग्य, आणि मुलांचे शिक्षण अशा यंत्रांनी किती सुधारते, हे प्रश्न शिक्षणशास्त्राचे आहेत. त्यांची चर्चा येथे कर्तव्य नाही. या प्रकरणात आपल्याला पाहावयाचा आहे तो त्या यंत्राचा एक छोटा भाग, त्याचे नेटवर्क कार्ड.

त्या लॅपटॉपच्या झाकणाला दोन्ही बाजूंस सशाच्या कानांसारखे हिरवे अँटेना होते. ते वर उचलले की यंत्र उघडे आणि ते जवळच्या दुसऱ्या यंत्राचा बिनतारी संदेश पकडू शके. यंत्रावर लिनक्स ही प्रणाली होती. फेडोरा या नावाने तिचे जे रूप प्रचलित आहे, त्यावरून ती बेतलेली होती. यंत्राची मुख्य स्मृती अवघी २५६ मेगाबाइट आणि साठवण एक गिगाबाइट. ही प्रणाली कोणीही वाचावी, तपासावी, बदलावी अशा अटींवर प्रसिद्ध झालेली. किंबहुना शाळकरी मुलालाही आपल्या यंत्राच्या अंतरंगात डोकावता यावे, हा त्या योजनेचा एक जाहीर उद्देश होता. तथापि या सर्व उघड्या घरात एक खोली कुलूपबंद राहिली, आणि ती नेमकी नेटवर्क कार्डाची. असे का झाले हे समजून घेतले, म्हणजे आज आपल्या घरच्या लॅपटॉपवर लिनक्स चढवल्यावर वायफाय का चालत नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

प्रथम युनिक्सविषयी थोडेसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. (म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थानाची स्थापनाही त्याच वर्षीची. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण संगणकाच्या परिभाषेला मराठी शब्द शोधत बसणाऱ्याला हा योगायोग आठवल्यावाचून राहत नाही.) पुढे बर्कली विद्यापीठातून निघालेली शाखा आज फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या नावांनी नांदते आहे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली स्वतंत्रपणे लिहावयास घेतलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनक्स म्हणून जगभर पसरला. या साऱ्यांना मिळून आपण युनिक्स-कुळातील प्रणाली म्हणू.

या कुळाचा एक जुना संकेत असा की, यंत्राचा प्रत्येक भाग फाईलसारखा मानावा. कळफलक, चकती, मुद्रक या सर्वांना एका ठरावीक कप्प्यात फाईलचे नाव मिळते. गंमत अशी की, नेटवर्क कार्ड या संकेताला अपवाद आहे. त्याची फाईल नसते. त्याला असते ते केवळ नाव, ज्याला इंटरफेस म्हणतात. लिनक्समध्ये पूर्वी तारेच्या कार्डाला ‘ईटीएच-शून्य’ आणि बिनतारी कार्डाला ‘डब्ल्यूलॅन-शून्य’ अशी नावे मिळत. २०१३ नंतर बहुतेक ठिकाणी ‘डब्ल्यूएलपी-३-एस-०’ अशा धर्तीची नावे आली. ती पहिल्या नजरेस विचित्र वाटतात. परंतु त्यांत पत्ता दडलेला असतो. ‘पी-३’ म्हणजे तिसरी वाहिनी, ‘एस-०’ म्हणजे तिच्यावरील पहिली खाच. ओपनबीएसडीची रीत आणखी निराळी आहे. तेथे कार्डाला त्याच्या चालकाचेच नाव मिळते. प्रस्तुत लेखकाला ही रीत अधिक सोयीची वाटते, कारण नाव वाचताक्षणी कार्ड कोणाच्या हाती आहे ते कळते.

आता ‘चालक’ या शब्दाकडे वळू. कार्ड हे धातू आणि सिलिकॉन यांचे एक तुकडेवजा यंत्र. त्याला कोणत्या क्रमाने कोणते संकेत दिले असता ते संदेश पाठवील, हे प्रणालीला उपजत ठाऊक नसते. ते ज्या लहान कार्यक्रमाला ठाऊक असते त्यास ड्रायव्हर किंवा चालक म्हणतात. प्रत्येक प्रणालीसाठी चालक निराळा लिहावा लागतो. कार्ड बनवणारी कंपनी विंडोजसाठी तो स्वतः लिहून देते, कारण तिचे बहुसंख्य गिऱ्हाईक तेथे असते. युनिक्स-कुळातील प्रणालींच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षा आली. चालक लिहावयाचा तो स्वयंसेवकांनी, आणि कार्डाची माहिती द्यावयाची नाही ती कंपनीने, असा तो प्रकार होता.

ब्रॉडकॉम या कंपनीच्या कार्डांची कथा या बाबतीत प्रसिद्ध आहे. अनेक लॅपटॉपमध्ये ही कार्डे असत आणि लिनक्समध्ये ती मुकी राहत. तेव्हा काही स्वयंसेवकांनी एक दक्ष पद्धत अवलंबिली. त्यांच्या एका गटाने कंपनीचा उपलब्ध बंद कार्यक्रम उलगडून पाहिला आणि कार्ड कसे वागते याचे केवळ वर्णन लिहून ठेवले. दुसऱ्या गटाने त्या बंद कार्यक्रमाला स्पर्शही न करता, केवळ ते वर्णन वाचून नवा चालक लिहिला. कायद्याने चोरीचा ठपका येऊ नये म्हणून ही भिंत मध्ये उभी केली होती. हा चालक २००६ साली लिनक्सच्या अधिकृत गाभ्यात दाखल झाला. खुद्द कंपनीने आपला उघडा चालक प्रसिद्ध केला तो त्यानंतर चार वर्षांनी, २०१० साली, आणि तोही तिच्या नव्या कार्डांपुरता. दरम्यानच्या काळात विंडोजचाच चालक लिनक्समध्ये वेष बदलून चालवण्याची एक युक्ती बरीच रूढ होती. ती चाले, पण रुसून चाले. आज तिच्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही.

एवढ्याने प्रश्न सुटला असता तर बरे होते. परंतु चालक मिळाला तरी कार्डाच्या पोटात आणखी एक कार्यक्रम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. या शब्दाला मराठीत सर्वमान्य झालेला पर्याय नाही. म्हणून तो जसाच्या तसा ठेवतो. आधुनिक बिनतारी कार्ड हा स्वतःच एक लहान संगणक असतो. खैराटच्या मुलांच्या यंत्रात मार्व्हेल कंपनीची ८८-डब्ल्यू-८३८८ या क्रमांकाची चिप होती, आणि तिच्यात तिचा स्वतंत्र प्रोसेसर होता. या प्रोसेसरने काय करावे हे सांगणारा कार्यक्रम चिपमध्ये कायमचा कोरलेला नसतो. यंत्र सुरू होताना चालक तो चकतीवरून उचलतो आणि कार्डाच्या स्वाधीन करतो. तो मिळेपर्यंत कार्ड प्रणालीला दिसते, चालकही जागेवर असतो, आणि तरीही काहीच घडत नाही.

त्या यंत्रात या चिपकडून एक विशेष काम करून घ्यावयाचे होते. गावात इंटरनेटची वाहिनी एकाच ठिकाणी पोहोचणार. तेव्हा एका मुलाच्या लॅपटॉपने दुसऱ्याचा संदेश पुढे तिसऱ्याकडे ढकलावा, आणि अशा साखळीने दूरच्या घरातील यंत्रही जोडले जावे, अशी कल्पना होती. जाळीदार जोडणी किंवा मेश या नावाने ती ओळखली जाते. यंत्राचा मुख्य प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी झोपी गेला तरी चिपने जागे राहून शेजाऱ्याचे संदेश पुढे द्यावे, इतकी ती धाडसी होती. या सर्वाची बुद्धी होती ती फर्मवेअरमध्ये. लिनक्समधील चालक, ‘लिबर्टास’ त्याचे नाव, उघडा होता आणि तो २००७ साली गाभ्यात सामील झाला. एकाच रेडिओतून तो दोन इंटरफेस उभे करी, एक नित्याच्या जोडणीचा व दुसरा जाळीचा. फर्मवेअर मात्र कंपनीने केवळ यंत्रभाषेत दिले. त्याची प्रत वाटण्यास परवानगी होती. त्यात काय लिहिले आहे हे वाचण्याची सोय नव्हती.

यावरून २००६ साली मोठा वाद माजला. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डी राट यांनी योजनेच्या चालकांवर जाहीर टीका केली. लहान मुलांसाठी खुले यंत्र बनवतो म्हणावयाचे आणि कंपनीशी गुप्ततेचा करार करून तिची बंद पेटी पत्करावयाची, हे विसंगत आहे, असा त्यांचा मुद्दा होता. योजनेच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. इतक्या कमी विजेत जाळीचे काम करणारी दुसरी चिप मिळणे त्या वेळी कठीण होते, आणि मुलांना यंत्र वेळेवर द्यावयाचे होते. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर आमचा कल डी राट यांच्या बाजूस झुकतो, आणि त्याला कारण पुढे घडलेल्या गोष्टी आहेत. एका खोलीत पुष्कळ यंत्रे एकदम जमली की जाळीची साखळी स्वतःच्याच संदेशांनी गुदमरू लागे, आणि शाळेचा वर्ग म्हणजे नेमकी अशीच गर्दी. दोष दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याला चालकापर्यंत पोहोचता येई. त्यापलीकडे चिपच्या दाराशी थांबावे लागे आणि कंपनीकडे विनंती करावी लागे. २००८ च्या सुमारास फर्मवेअरकडे कमीत कमी काम ठेवून बाकीचे सर्व लिनक्सकडे आणणारा ‘पातळ’ चालकही लिहिला गेला. पण योजनेच्या पुढच्या यंत्रात निराळी चिप आली आणि त्या जाळीची जागा यंत्रांमधील साध्या तात्पुरत्या जोडणीने घेतली.

कंपन्या फर्मवेअर का उघडत नाहीत? व्यापारी गुपित हे एक कारण आहेच. दुसरे कारण त्या पुढे करतात ते सरकारी नियमांचे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याने कोणी किती शक्तीने प्रक्षेपण करावे यावर प्रत्येक देशाचे बंधन असते. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त झाला, तोही प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट आणि अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट या मर्यादेत. वापरणाऱ्याने फर्मवेअर बदलून ही मर्यादा ओलांडली तर दोष आमच्यावर येईल, असे कंपन्या म्हणतात. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण तो पुरताही नाही. ॲथेरॉसच्या एआर-९२७१ या चिपचे फर्मवेअर २०१३ साली मूळ रूपात प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे आकाशवाणीत कोठे गोंधळ माजल्याचे ऐकिवात नाही.

आता वाचकाच्या स्वतःच्या लॅपटॉपकडे येऊ. नवी प्रणाली चढवली आणि वायफायचे चिन्हच दिसत नाही, अशी अवस्था समजा. अशा वेळी एखाद्याने सांगितलेल्या दहा आज्ञा एकामागून एक देत सुटणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. यंत्राला क्रमाने प्रश्न विचारावेत; ते उत्तर देते.

पहिला प्रश्न असा की, कार्ड वाहिनीवर दिसते काय? लॅपटॉपच्या आतील कार्ड बहुधा पीसीआय वाहिनीवर असते, तर बाहेरून खोचलेले यूएसबी वाहिनीवर. लिनक्समध्ये पहिल्याची यादी ‘एलएसपीसीआय’ आणि दुसऱ्याची ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने मिळते. पहिल्या आज्ञेपुढे उणे चिन्ह देऊन एन, एन, के ही अक्षरे जोडली तर कार्डाचा क्रमांक आणि त्याचा चालक दोन्ही कळतात. क्रमांकाचे दोन भाग असतात, प्रत्येकी चार अंकी, षोडशमान पद्धतीचे. पहिला भाग कंपनीचा. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. १९७८ साली आलेल्या तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचे ते नाव. ब्रॉडकॉमचा क्रमांक १४ई४, रिअलटेकचा १०ईसी. दुसरा भाग त्या विशिष्ट चिपचा.

हा क्रमांक वहीत टिपून ठेवावा, कारण खोक्यावर छापलेल्या नावावर विश्वास टाकता येत नाही. टीपी-लिंक कंपनीचे टीएल-डब्ल्यूएन-७२२-एन हे यूएसबी कार्ड पाहा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत वर उल्लेखिलेली एआर-९२७१ चिप होती, म्हणून ते लिनक्स वापरणाऱ्यांत लोकप्रिय झाले. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. खोका तोच, नाव तेच, किंमतही जवळपास तीच. आणि जुन्या कीर्तीवर विसंबून ते विकत घेणाऱ्यास घरी गेल्यावर निराळाच चालक शोधावा लागला. शाळा किंवा ग्रंथालयासाठी एकदम अनेक यंत्रे घ्यावयाची असतील तर एक यंत्र आधी मागवून, त्यावर आपली प्रणाली चालवून, क्रमांक पाहून मगच बाकीची मागणी नोंदवावी.

कार्ड दिसते, चालकाचे नावही दिसते, तरी इंटरफेस नाही, असे असेल तर कर्नलची रोजनिशी उघडावी. डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांची आज्ञा ती दाखवते. तीत अमुक फर्मवेअर फाईल सापडली नाही अशी ओळ बहुधा मिळते, आणि फाईलचे नेमके नावही तेथेच असते. ही फाईल ‘लिब’ कप्प्यातील ‘फर्मवेअर’ या उपकप्प्यात असावी लागते.

येथे एक विनोदी पण त्रासदायक पेच उभा राहतो. फाईल इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेट त्या फाईलवाचून मिळत नाही. पोहरा विहिरीत पडावा आणि दोरही त्याच्याबरोबर जावा, तशी ही स्थिती. यावर साधा उपाय असा की, मोबाइल फोन यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडावा आणि फोनमधील जोडणी वाटून देण्याची सोय चालू करावी. ही जोडणी बहुतेक लिनक्स प्रणालींत वेगळ्या फर्मवेअरविना चालते. नाहीतर राउटरची तार, नाहीतर दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्ह. डेबियन या प्रतिष्ठित लिनक्स संचाने बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-चकतीबाहेर ठेवण्याचे व्रत वर्षानुवर्षे पाळले होते. त्यापायी नवख्यांची होणारी अडचण पाहून २०२२ साली सभासदांचे मतदान झाले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते चकतीत समाविष्ट झाले. हा तत्त्वाचा पराभव मानणारेही आहेत. मात्र प्रणालीच चालू झाली नाही तर तत्त्व समजावून सांगावयास माणूस समोर उरत नाही, हेही खरे.

इंटरफेस दिसू लागला, परंतु तो ‘बंद’ म्हणतो? तर ‘आरएफकिल’ ही आज्ञा विचारावी. बिनतारी कार्ड दोन प्रकारे अडवलेले असते: सॉफ्टवेअरने, जे आज्ञेने सुटते, आणि कळीने, जे सुटत नाही. काही लॅपटॉपच्या कडेला एक सरकती कळ असते, काहींत कळफलकाच्या वरच्या ओळीत विमानाचे चित्र. पिशवीत यंत्र ठेवताना ती चुकून सरकते आणि माणूस तीन दिवस चालक बदलत बसतो.

शेजारच्या खोलीतील राउटर दिसतो, आपला दिसत नाही, असाही एक अनुभव येतो. येथे पुन्हा रेडिओचे नियम आडवे येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात तेरा वाहिन्या वापरता येतात, अमेरिकेतील मांडणीत अकरा. प्रणालीत देश म्हणून अमेरिका नोंदलेली असेल आणि राउटर बाराव्या किंवा तेराव्या वाहिनीवर बसला असेल, तर कार्ड तिकडे कान देतच नाही. ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने देश म्हणून भारताची आय-एन ही खूण दिली की राउटर यादीत उगवतो.

यापुढचा भाग कार्डाचा नव्हे, जोडणीचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. परवलीचा शब्द राउटरला पटवून देण्याचे काम एक वेगळा कार्यक्रम करतो. तो पटला की राउटर यंत्राला आकडी पत्ता देतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा मिळाला, तर राउटरने उत्तरच दिलेले नाही आणि यंत्राने स्वतःच काहीतरी धरून घेतले आहे, असे समजावे. पत्ता बरोबर आहे, आकड्याने दूरचे यंत्र उत्तर देते आणि नावाने देत नाही, तर दोष नावांच्या निर्देशिकेचा. कार्डाला हात लावू नये.

शेवटी झोपेविषयी. लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर कार्ड जागे होत नाही, ही तक्रार युनिक्स-कुळात जुनी आहे. यंत्र झोपताना कार्डाची वीज तुटते, फर्मवेअर पुसले जाते, आणि जागे होताना चालकाने ते पुन्हा भरावयाचे असते. काही चालक हे काम विसरतात. खैराटच्या यंत्रातील चिपला याच्या उलट, मालक झोपला असता जागे राहावयाचे होते, आणि ते साधणे किती अवघड होते याची कल्पना यावरून येईल. आपल्या यंत्रापुरता उपाय असा: ‘मॉडप्रोब’ या आज्ञेपुढे उणे चिन्ह व आर हे अक्षर आणि चालकाचे नाव देऊन तो उतरवावा, दोन-चार सेकंद थांबावे, आणि तीच आज्ञा ते अक्षर वगळून पुन्हा द्यावी. चालक नव्याने चढतो, फर्मवेअर नव्याने भरतो, आणि बहुतेक वेळा यंत्र पुन्हा सुरू करण्याची गरज पडत नाही. हा प्रकार रोज घडू लागला, तर कर्नलची नवी आवृत्ती घेऊन पाहावी. आणि तीतही तोच दोष दिसला, तर वहीत टिपलेला क्रमांक व रोजनिशीतील ओळी चालकाच्या कर्त्यांकडे पाठवाव्यात.